स्टोनवॉलच्या आधीची माणसं

आजची अख्खी दुपार अमेरिकेतल्या समलिंगी हक्कांच्या चळवळीबद्दल वाचण्यात गेली. १९६९चं स्टोनवॉल, म्हणजे न्यूयॉर्कच्या त्या नावाच्या बारवर पोलिसांनी धाड टाकल्यावर समलिंगींनी केलेला उठाव, ऐकून माहीत होतं. पण त्याआधीचा फ्रँक कॅमेनी काही केल्या डोक्यातून जात नाहीये.

हार्वर्डची पीएचडी असलेला हा खगोलशास्त्रज्ञ. १९५७मध्ये केवळ समलिंगी म्हणून त्याला लष्कराच्या नकाशा विभागातून काढून टाकलं. याविरुद्ध तो कोर्टात गेला. पुढे वकिलानेही हात टेकले, तर पठ्ठ्याने सुप्रीम कोर्टाचा अर्ज स्वतःच लिहिला! १९६१मध्ये कोर्टाने तो ऐकायलाच नकार दिला.

मग १७ एप्रिल १९६५. व्हाइट हाउससमोर हातात फलक घेतलेली जेमतेम दहा माणसं. पुरुष सूट-टायमध्ये, बायका स्कर्टमध्ये. नोकरी मागायची तर नोकरदारासारखं दिसलं पाहिजे, हा कॅमेनीचा आग्रह. त्या काळात असं उघडपणे उभं राहायचं म्हणजे नोकरी, नातीगोती सगळंच पणाला. केवढी ही हिंमत!

२००९मध्ये सरकारने त्याची रीतसर माफी मागितली. तेव्हा तो ८४ वर्षांचा होता. त्याने ती स्वीकारली, हा त्याचा मोठेपणा. मला मात्र वाचताना आनंदापेक्षा रागच जास्त आला. बावन्न वर्षं लागतात एवढ्याला?