उसावरचा ड्रोन, शेजारची द्राक्षबाग: परवानग्यांचा माझा अनुभव

ऊस डोक्याच्या वर गेला की पंप पाठीला लावून आत शिरता येत नाही. म्हणून सांगली जिल्ह्यातल्या पलूस-वाळवा पट्ट्यात फवारणीचा ड्रोन हवाच, असं माझं ठाम मत आहे. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीसाठी ड्रोन घेताना कागदपत्रांचं काम माझ्याकडे होतं. कृषी खात्यातल्या साहेबांचा सूर सगळीकडे एकच होता: नवं यंत्र जरूर आणा, पण औषध दुसऱ्याच्या रानात गेलं तर उत्तर कोण देणार ते आधी ठरवा. मागितलेला जवळजवळ प्रत्येक कागद याच प्रश्नापाशी येतो.

सुरुवात महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या अनुदान अर्जांच्या संकेतस्थळावर. पूर्वसंमतीपत्र हातात येण्याआधी बिल करू नका; मोका तपासणीत बिलाची तारीख आधीची निघाली की अनुदान गेलं. केंद्राच्या यांत्रिकीकरण उपअभियानात उत्पादक कंपनीच्या अवजार बँकेला (अवजारं भाड्याने देणाऱ्या केंद्राला) 40 टक्के, जास्तीत जास्त 4 लाख मिळतात. वैयक्तिक अर्जात अल्पभूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 50 टक्के, 5 लाखांपर्यंत.

ड्रोन नियम 2021 प्रमाणे 2 ते 25 किलो वजनाचा ड्रोन ‘स्मॉल’ गटात येतो. हे वजन टाकी भरल्यावरचं धरायचं. 10 लिटर टाकीचे बरेच ड्रोन 25 किलोच्या जेमतेम आत बसतात, त्यामुळे विक्रेत्याकडून टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलच्या मान्यतेचं प्रमाणपत्र, मागून गट बघून घ्या. पायलटचं प्रमाणपत्र त्याच गटाचं लागतं: वय 18 ते 65, किमान दहावी पास, प्रशिक्षण डीजीसीए या केंद्राच्या नागरी विमान वाहतूक नियामकाने मान्यता दिलेल्या संस्थेतलं. पासपोर्टची सक्ती 2023 मध्ये गेली. नोंदणी क्रमांक, म्हणजे यूआयएन, आधीच विक्रेत्याच्या नावावर असेल तर नवी नोंदणी होत नाही. तो आपल्या नावावर हस्तांतरित करून घ्यावा लागतो. अर्ज इथेच जास्त अडकतात. त्रयस्थ विमा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, हवाच. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर गट नंबरची जागा हिरव्या क्षेत्रात आहे का तेही बघा. हिरव्यात 400 फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही.

खरी कसोटी रानात. पंपाने एकरी 150-200 लिटर पाणी जातं, ड्रोनने 8 ते 10. द्रावण तेवढं घट्ट, थेंब बारीक, म्हणून वाऱ्यावर लांब जातं. उसातलं टू-फोर-डी हे तणनाशक द्राक्षाच्या कोवळ्या पानांवर गेलं की पानं पंख्यासारखी आखडतात आणि फुटवा खुंटतो. आपल्या जिल्ह्यात ऊस आणि द्राक्ष एका बांधाला लागून आहेत, त्यामुळे बागेलगत हे तणनाशक ड्रोनने मारूच नये, असं मला वाटतं. बाकी फवारणी पीकमाथ्यापासून दोन मीटरच्या आसपास उंचीवर, सकाळी, वारा पडलेला असताना. पानं सळसळायला लागली की थांबा.

केंद्र सरकारच्या डिसेंबर 2021 च्या कार्यपद्धतीप्रमाणे किमान 24 तास आधी ग्रामपंचायत आणि कृषी अधिकाऱ्यांना कळवायचं असतं. मधपेट्यावाल्यांनाही सांगा. औषध त्या पिकासाठी मंजूर असलेलंच वापरा. गट नंबर, औषध, मात्रा, वेळ आणि वारा नोंदवहीत लिहून शेतमालकाची सही त्याच वेळी घ्या. तक्रार आली तर साहेब पहिल्यांदा हीच वही मागतात.