पायातल्या मुंग्या आणि बी-१२: माझा अनुभव

चिंचपोकळीच्या पुलावरून उतरताना डाव्या पायातली चप्पल निसटली, ते मला कळलंच नाही. मागून येणाऱ्या एका काकांनी हाक मारली, "ताई, चप्पल राहिली." चार-पाच पावलं मी अनवाणी चालले होते, आणि पायाला जमीन लागल्याचं जाणवलंच नव्हतं. तिथेच कठड्याला धरून उभी राहिले. खूप घाबरले.

मुंग्या तशा वर्षभर येत होत्या. मनही उतरलेलं असायचं. ऑफिसात फाइल घेऊन उठायचं आणि कशासाठी उठलो ते आठवायचं नाही. भाजी निवडताना डोळे भरून यायचे. रात्री तीनला जाग ठरलेली. वय ४७, त्यामुळे जो तो म्हणायचा, पाळी जायची वेळ आली, होतं असं. एका दवाखान्यात तर पुरतं ऐकूनही न घेता झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. पायाला कुणी हातसुद्धा लावला नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मग घरच्या घरी उपाय सुरू केले. गव्हांकुराचा रस, बीट, भिजवलेले बदाम, रोज एक पालेभाजी. शिवाय बी-१२ या जीवनसत्त्वासाठी म्हणून मैत्रिणीने सुचवलेल्या स्पिरुलिनाच्या गोळ्या. सहा महिने नेमाने घेतलं सगळं. नंतर समजलं की स्पिरुलिनात असतं ते बहुतांशी बी-१२सारखं दिसणारं द्रव्य, आपल्या शरीराला त्याचा उपयोग नाही. अन्नानेच बरं व्हावं असं मला आजही मनापासून वाटतं. पण नक्की काय कमी पडलंय हे बघितल्याशिवाय मी ताट भरत होते.

चप्पल निसटली त्याच संध्याकाळी लालबागच्या आमच्या जुन्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ड्रॉवरमधून लोखंडी दुहेरी काटा काढला, तळहातावर आपटला आणि माझ्या घोट्याच्या हाडावर टेकवला. "थरथर थांबली की सांगा." मी दोन-तीन सेकंदांतच म्हणाले, थांबली. तोच काटा त्यांनी उचलून माझ्या मनगटावर ठेवला. तिथे तो अजून चांगला थरथरत होता.

दुसऱ्या दिवशी रक्त दिलं. बी-१२ आलं ११८, लॅबची खालची मर्यादा २०० होती. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, ९. हिमोग्लोबिन १०.८. रक्तपेशींचा सरासरी आकार मात्र अगदी नॉर्मल. बी-१२ कमी असलं की लाल पेशी मोठ्या होतात, लोह कमी असलं की लहान. दोन्ही कमी असेल तर सरासरी ठीकठाक दिसू शकते. आधीच्या साध्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, म्हणूनच कुणाला शंका आली नव्हती.

डॉक्टर शांतपणे समजावत होते. मज्जातंतूंवरचं वेष्टण राखायला बी-१२ लागतं. मेंदूत सेरोटोनिन आणि डोपामिन तयार होतात त्या कामाला लोह लागतं. ते ऐकताना मला रडू आलं. कारण वर्षभर मी स्वतःलाच दोष देत होते, मन खंबीर नाही म्हणून.

आमचं घर माळकरी, मासे-अंडी नाहीत, आणि दूध फक्त चहापुरतं. त्यात पाच वर्षं रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी. अन्नातलं बी-१२ मोकळं करायला पोटातलं आम्ल लागतं, आणि ती गोळी नेमकं तेच कमी करते. म्हणजे मुळात थोडं जात होतं, त्यातलंही पुरतं लागत नव्हतं.

आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर परळची हाफकिन संस्था आहे. ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर १९२८मध्ये मुंबईत आल्या आणि गिरणीकामगार गरोदर बायकांच्या पंडुरोगाचा त्यांनी तिथे अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने, मारमाइटने, त्या बायका सुधारल्या. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फॉलिक ॲसिड, म्हणजे बी गटातलंच एक जीवनसत्त्व, म्हणून ओळखला गेला. माझी आजी गिरणीत होती, त्यामुळे हे वाचताना अंगावर काटा आला. पण त्याची दुसरी बाजूही आहे. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं.

पहिले पंधरा दिवस एक दिवसाआड इंजेक्शन, मग आठवड्याला, आता महिन्याला. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर, चहा त्यानंतर तासाभराने. ॲसिडिटीची गोळी डॉक्टरांनी हळूहळू कमी करत दोन महिन्यांत बंद केली. ते दिवस जळजळीचे गेले; रात्रीचं जेवण आठच्या आत आणलं तेव्हा कुठे निभावलं. आता दोन वेळा कपभर दूध आणि जेवणात वाटीभर दही. २०० मिली दुधातून साधारण १ मायक्रोग्रॅम बी-१२ मिळतं, आणि मोठ्या माणसाला दिवसाला २च्या आसपास लागतं.

झोप तिसऱ्या आठवड्यात लागली. रडू येणं दोन महिन्यांत थांबलं. मुंग्या मात्र आधी वाढल्या, मग हळूहळू उतरल्या. डाव्या पायाची दोन बोटं वर्ष झालं तरी बधिरच आहेत.

गेल्या महिन्यात इंजेक्शनला जाताना आईला बरोबर नेलं. ७२ वर्षांची आहे, जन्मभर तेच जेवण, आणि हल्ली भिंतीला हात लावून चालते. मी डॉक्टरांना म्हटलं, हिलाही बघा. त्यांनी काटा आपटला आणि तिच्या घोट्यावर टेकवला. खोलीत त्याचा बारीक आवाज येत होता. आईने माझ्याकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे, आणि विचारलं, "कधी लावणार?"