मोलियागुलच्या वाटेवर दहा गुंजा

शनिवार, ऑगस्टअखेर. मुक्काम डनॉली, ऑस्ट्रेलिया.

रात्री पाऊस होऊन गेल्यामुळे जमीन मऊ होती, खणायला जड गेलं नाही. आयर्नबार्कच्या रानात वॉटल पिवळाधमक फुललाय. अख्खा दिवस डिटेक्टर घेऊन सोनं शोधत एकाच ओहळाच्या अंगाने फिरले. ओहळ कुठला ते रोजनिशीतही लिहीत नाही, या छंदातलं कुणीच लिहीत नाही.

व्हिक्टोरियातल्या या पट्ट्यात १८५०च्या दशकात माणसांचे लोंढे आले. खोल सोन्यासाठी त्यांनी विहिरीसारखे खड्डे खणले, आणि जिथे सोनं वरवर होतं तिथे वीतभर माती खरवडून, गाडीत भरून पाण्यापाशी धुवायला नेली. इथे पाण्याची टंचाई कायमची. त्यामुळे माती वाहून नेणं परवडेनासं झालं की ते थांबत. ते जिथे थांबले ती रेघ अजून जमिनीवर दिसते: एका बाजूला खडी उघडी पडलेली, दुसऱ्या बाजूला माती चार बोटं उंच. मला चालायला हीच रेघ आवडते. रेघेपलीकडचं सोनं कुणाला दिसलं नाही म्हणून राहिलं असं नाही, पाण्याचा आणि पोटाचा हिशोब जुळला नाही म्हणून राहिलं. डिटेक्टर कितीही भारी घ्या, हे वाचता आलं नाही तर माणूस नुसता रान तुडवतो.

माझं यंत्र पल्स इंडक्शनचं आहे. जमिनीवरून फिरवायच्या चकतीतल्या तारेत विजेचे झटके सोडायचे, झटका थांबला की जमिनीतल्या धातूत क्षणभर प्रवाह फिरत राहतो, त्याचा पडसाद ऐकायचा. इथली माती लोहाने इतकी भरलेली आहे की साधी यंत्रं नुसती ओरडत सुटतात. म्हणून दर थोड्या वेळाने यंत्र जमिनीशी जुळवून घ्यावं लागतं. कानात सतत एक बारीक सूर असतो आणि तो किंचित हलण्याची वाट बघायची. सकाळभर निघाले ते बुटांचे खिळे आणि शिशाचे छर्रे. खिळा कुदळीच्या चुंबकाला चिकटतो, छर्रा चिकटत नाही आणि वाजतो मात्र थेट सोन्यासारखा.

दुपारी रेघेच्या वरच्या अंगाला सूर हलला. अगदी मऊ, पण दोन्ही बाजूंनी चकती फिरवली तरी तसाच. वरचा थर बाजूला केल्यावर आवाज वाढला. आणखी खणलं, ढिगाऱ्यातली ओंजळभर माती घेतली, तिची निम्मी बाजूला, उरलेल्याची पुन्हा निम्मी, असं करत शेवटी तळहातावर चिमूटभर माती उरली आणि तिच्यात तो खडा. पाणी ओतलं तसा पिवळा रंग उघडा पडला. सव्वा ग्रॅमच्या आसपास भरेल. अण्णांच्या मापात दहा गुंजा.

अण्णांना लगेच फोन लावला. आमचं घर विट्याकडचं, गलाईवाल्यांचं. अण्णांचा जन्म कोईमतूरला मुशीपुढे गेला. लोकांचे मोडीचे दागिने, सोनारांच्या दुकानातला केर, सगळं त्यांच्या आगीतून शुद्ध होऊन गेलं. त्यांनी आधी कस विचारला. इथलं सोनं बहुतेकदा २२-२३ कॅरेटच्या घरातलं निघतं, ते ऐकून खूश झाले. मग म्हणाले, "अगं, ते गाळू नगंस हां. मुशीत पडलं की कुठनं आलंय त्ये काय कळत न्हाई." ज्या माणसाने आयुष्यभर सोनं गाळलं त्याचं हे बोलणं. फोन ठेवल्यावर बराच वेळ तो खडा फिरवून बघत राहिले.

मोलियागुल इथून जवळ. ५ फेब्रुवारी १८६९ला तिथल्या बुलडॉग गली नावाच्या घळीत जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स या कॉर्नवॉलच्या दोघांना 'वेलकम स्ट्रेंजर' नावाचा सोन्याचा गोळा सापडला. सुमारे ७२ किलो, म्हणजे सहा हजार तोळ्यांहून जास्त, आणि होता झाडाच्या मुळाशी जेमतेम इंचभर खाली! डनॉलीत एवढं वजन तोलेल असा काटा नव्हता, म्हणून ऐरणीवर ठेवून त्याचे तुकडे केले. आजवर सापडलेला सर्वांत मोठा सोन्याचा गोळा, आणि त्याचा मूळ आकार आज कुणालाही बघता येत नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं. १९८०मध्ये किंगोवरजवळ केव्हिन हिलियर यांना डिटेक्टरने मिळालेला २७ किलोंचा 'हँड ऑफ फेथ' निदान अखंड राहिला.

खड्डा बुजवला, वर पालापाचोळा पसरला. मायनर्स राइटच्या परवान्यात ते बंधनकारकच आहे. हातची अवजारं वापरायची, नॅशनल पार्कमध्ये बहुतेक ठिकाणी शिरायचं नाही, मूळनिवासींच्या खुणांना हात लावायचा नाही, हेही त्यातच. पण परवाना नसता तरी बुजवला असता. ही जाजा वुरुंग या मूळनिवासी लोकांची भूमी. ते या खणून काढलेल्या मुलखाला उलटापालटा झालेला देश म्हणतात, आणि इथे उभं राहिलं की दुसरं काही म्हणवत नाही. वरची माती खाली, खालचा खडक वर, मध्ये उघडे जुने खड्डे. चालताना डोळे पायाशी ठेवावे लागतात आणि मागे न बघता उलटं पाऊल टाकायचंच नाही.

आत्ता दिव्याखाली भिंगातून बघितलं. खड्याचे कोपरे धारदार आहेत, एका खाचेत पांढरा क्वार्ट्झ अडकलाय. पाण्यातून लांब वाहत आला असता तर कोपरे झिजून गोल झाले असते. म्हणजे हा घरापासून फार दूर आलेला नाही, खडकातली सोन्याची मूळ शीर चढावर असणार. उद्या लहान चकती लावून त्या रेघेपासून वर, पांढऱ्या दगडांच्या मागावर, अगदी सावकाश जायचं ठरवलंय.