शेवटी जेवणारी बाई

सोमवार, ७ जुलै २०२५. द्वादशी. सातारा.

काल एकादशी झाली. आज सकाळी वजन केलं, ६९.४. मागच्या वर्षी जूनमध्ये ७८ होतं. तेरा महिन्यांत साडेआठ किलो, म्हणजे महिन्याला पाऊण किलोसुद्धा नाही. पण उतरलेलं वजन पहिल्यांदाच उतरून राहिलंय, म्हणून आज लिहून ठेवावंसं वाटलं.

वजन मी याआधीही तीनदा कमी केलं होतं. २०१८ च्या सुमारास तर घरोघरी ‘दीक्षित की दिवेकर’, म्हणजे दिवसातून दोनदाच जेवायचं की दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं, हाच विषय असायचा, आमच्या शाळेतही शिक्षकांचे दोन तट पडले होते. प्रत्येक वेळी मी पद्धत बदलली, पण एक गोष्ट तीच राहिली. माझं जेवण वेगळं असायचं. चौघांसाठी पोळी-भाजी, वरण-भात करायचा आणि आपण वाटीभर सूप घेऊन बसायचं. दोन-तीन महिने हुरूप असायचा. मग कुणाचं आजारपण, मुलांच्या परीक्षा, घरचं लग्न. दोन स्वयंपाक होईनासे झाले की बंद व्हायचा तो माझाच.

मागच्या वर्षी जूनमध्ये एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी, ६.२ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. आईचं मधुमेहापायी काय झालं ते मी जवळून पाहिलंय, त्यामुळे तो कागद हातात घेऊन बराच वेळ दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले. बाईची कंबर ८० सेंटीमीटरच्या आत हवी, माझी ९८ होती. डॉक्टरांनी गोळी दिली नाही, आहारतक्ताही दिला नाही. म्हणाले, आठ दिवस जे जे तोंडात जाईल ते लिहून आणा. ताटातलं आणि ताटाबाहेरचंही.

त्या वहीनं माझे डोळे उघडले. ताटातलं जेवण वाजवीच होतं. ताटाबाहेर मात्र धाकट्यानं टाकलेली अर्धी पोळी, कढईला लागलेली बटाट्याची भाजी, पातेल्याच्या तळाचा भात, वाटीत उरलेलं शिकरण. सगळ्यांची जेवणं झाल्यावर ओट्याशी उभ्यानं हे संपवायचं आणि मग पातेली घासायला टाकायची. अन्न वाया जाऊ नये म्हणून. माझी आई असंच जेवली, सासूबाईही असंच जेवल्या. हिशेब केला तर रोजची दीडेक पोळी आणि वाटीभर भात, तीनशेच्या आसपास कॅलरी निघाल्या. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. शरीर इतक्या सरळ गणितानं चालत नाही हे खरं, पण वर्षानुवर्षं चढलेलं वजन कुठून आलं ते मला कळलं. त्या रात्री मला स्वतःची कीव नाही आली, राग आला. इतकी वर्षं मी उरलेलं जेवत होते आणि आपल्या हाती निग्रह नाही म्हणून स्वतःलाच बोल लावत होते.

मग मी एकच ठरवलं. सगळ्यांबरोबर बसायचं, आपलं ताट आधी वाढून घ्यायचं आणि उठल्यावर पुन्हा खायचं नाही.

बोलायला सोपं आहे. पहिल्या आठवड्यात गरम पोळ्या कोण वाढणार यावरून घरात सगळेच अवघडले. आता पोळ्या आधी करून डब्यात ठेवते. यांनी एकदाच विचारलं, “मऊ राहतात ना?” राहतात. तांदूळ पाच जणांना तीन वाट्या लावायचे, आता दोन. रात्री ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराच्या सूचना काढल्या, त्यांत निम्मं ताट भाज्या-फळांचं सांगितलंय. आमचं अजून निम्मं होत नाही, पण कोशिंबीर चमचाभर असायची ती आता वाटीभर असते.

तेलाचा पाच लिटरचा डबा महिन्यात संपायचा, म्हणजे माणशी रोज ३३ मिली. आता तीन लिटर पुरतं. चहातली साखर महिन्याला अर्धा चमचा अशी कमी करत दोनवरून अर्ध्यावर आणली. एकदम सोडली असती तर पुन्हा सुरू झाली असती, हे मी अनुभवानं सांगते.

जानेवारी-फेब्रुवारीत काटा ७२ वर अडकला. नऊ आठवडे. रोज सकाळी तोच आकडा पाहून रडू यायचं. तेव्हा वजन आठवड्यातून एकदाच करायचं ठरवलं. त्याच दिवसांत शिंप्यानं ब्लाउजचं माप घेतलं, तर छातीत आणि दंडात दोन्हीकडे कमी भरलं. अजिंक्यताऱ्याच्या चढावर मी तीनदा टेकायचे, मार्चमध्ये एकदाही न थांबता वर गेले. काट्याला जे दिसत नव्हतं ते गुडघ्यांना कळत होतं.

मे महिन्यात भाचीच्या लग्नात आठ दिवस सगळं विस्कटलं. कंदी पेढ्यांचे पुडे, पंगती, रात्रीची जागरणं. दोन किलो वाढले. पूर्वी मी इथेच सोडून द्यायचे. या वेळी सोडण्यासारखं वेगळं काही नव्हतंच. घरी आले, कुकर लावला, ताट वाढून घेतलं. तीन आठवड्यांत दोन्ही किलो उतरले.

कालचा उपास मला महत्त्वाचा वाटला. एरवी एकादशी म्हणजे सकाळी खिचडी, दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, संध्याकाळी रताळ्याचा कीस, मधेमधे बटाट्याचा चिवडा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, वर तूप आणि दाण्याचं कूट. काल वाटीभर खिचडी आणि काकडीची कोशिंबीर घेतली, रात्री भगर-आमटी. बाकी काही नाही. भूक लागली, आणि ती सोसवली.

परवा रिपोर्ट आला, ५.८. अजून उंबरठ्यावरच आहे. कंबर ८९.

आज पारण्याला वरण-भात, भेंडीची भाजी आणि थोडा शिरा केला होता. रात्री सगळ्यांची जेवणं झाल्यावर पातेल्यात वाटीभर भात उरला. मी ताटं उचलत होते. वर्षापूर्वी सासूबाई म्हणाल्या असत्या, “खाऊन टाक गं एवढा.” आज त्यांनीच तो डब्यात काढला, झाकण लावलं आणि फ्रिजमध्ये ठेवताना म्हणाल्या, “उद्या सकाळी फोडणीला टाक, सगळ्यांत चमचा-चमचा होईल.”

उद्याच्या डब्यासाठी मटकी भिजत घातली आहे.