लॅव्हेंडरची छाटणी : वळवाच्या आधी

गच्चीवरील दातेरी पानांच्या लॅव्हेंडरची, म्हणजे लॅव्हेंड्युला डेन्टाटाची, मुख्य छाटणी यंदा मार्चअखेरीस उरकली. इंग्लंडमधील बागकामाचे मार्गदर्शक हे काम फुलोरा संपताच, ऑगस्टच्या सुमारास करावयास सांगतात. तिथल्या अँगुस्टिफोलिया जातीसाठी ते योग्यच आहे (जम्मूतील भद्रवाहच्या शेतांत हीच थंडीप्रिय जात लावतात). परंतु कोल्हापुरात जुलै-ऑगस्ट म्हणजे भर पावसाचे दिवस, तेव्हा केलेल्या छाटावर सतत ओल राहते आणि बुरशीला वाट मिळते. म्हणून आपल्याकडे छाटणीची वेळ पावसाकडे पाहून ठरवावी, म्हणजे थंडीतील बहर ओसरल्यानंतर आणि वळीव येण्यापूर्वी, असे माझे ठाम मत झाले आहे.

गुलाब जुन्या फांदीवरूनही जोमाने फुटतो. लॅव्हेंडर मात्र पाने झडून तपकिरी झालेल्या जून लाकडातून सहसा फुटत नाही. त्यामुळे प्रत्येक फांदीवर सर्वांत खालचे हिरवे फुटवे आधी शोधले आणि त्यांच्या वर दोन-तीन पेरी राखूनच, स्पिरिटने पुसलेली कात्री चालवली. झुडपाचा साधारण एक तृतीयांश भाग कमी झाला. त्यानंतर आतील वाळक्या काड्या एकेक करून काढल्या. हे काम कंटाळवाणे आहे, आणि बहुतेक जण नेमके तेच टाळतात. पण पावसाळी दमट हवेत झुडपाच्या पोटात वारा खेळणे हे बाहेरच्या गोल आकारापेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे.

छाटणीनंतर खत मुद्दाम दिले नाही, कारण नत्राने कोवळी, लुसलुशीत वाढ होते आणि पावसात तीच आधी सडते. कुंड्या मातीच्याच आहेत. मिश्रणात काळी माती अजिबात नाही, भरड वाळू भरपूर आहे.

छाटलेल्यांपैकी फूल न आलेले शेंडे ८ ते १० सेंटिमीटर लांबीचे घेऊन, खालची पाने काढून, वाळू आणि कोकोपीटमध्ये सावलीत खोचले. जूनमध्ये मोठ्या कुंड्या पारदर्शक पत्र्याखाली हलवल्या. आता ऑक्टोबरात फक्त वाढलेले शेंडे खुडत आहे, जेणेकरून थंडीच्या बहराआधी बाजूचे फुटवे भरतील. सर्वांत जुन्या झुडपाचा बुंधा मात्र पूर्ण लाकडी झाला असून तिथे कात्रीचा उपयोग नाही. त्याच्या जागी रुजलेल्या छाटकलमांपैकी एक लावणार आहे.