पॉइंट टू-टूवर स्कोप: क्लिक फिरवण्याआधी स्क्रू बघा

ग्रुप, म्हणजे एकाच नेमाने झाडलेल्या गोळ्यांचा झुबका, डावीकडे गेला म्हणून स्कोपला क्लिक दिले, तर पुढचा ग्रुप वर गेला. परत क्लिक, परत भलतीकडे. असं सुरू झालं की टरेट (स्कोपवरची क्लिक देणारी फिरकी) सोडा आणि पाना हातात घ्या. .२२ रायफलचा झिरो (नेम धरला तिथेच गोळी लागण्याची जुळणी) बहुतेक वेळा माउंटमध्येच, म्हणजे स्कोप रायफलला धरणाऱ्या रिंग आणि स्क्रूंमध्येच, हरवतो.

ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल प्रकारात स्कोप चालत नाही. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसमध्ये थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने) कांस्य जिंकलं तेही स्कोपशिवायच. पण बेंचवर रायफल टेकवून काडतुसांचे लॉट (एकाच वेळी बनलेल्या खेपा) तपासायचे असतील, तर स्कोपसारखं सोयीचं काही नाही.

आधी मॅगझिन काढा, चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटानेही बघा. मग रिंग घेताना दोन मापं जुळवा. बऱ्याच .२२ रायफलींच्या रिसीव्हरवर (बोल्ट बसतो त्या भागावर) ११ मिमी डव्हटेलची, म्हणजे तिरक्या कडांची, खाच असते. वीव्हर किंवा पिकॅटिनी या रुंद पट्टीसाठीची रिंग तिथे बसत नाही. स्कोपची नळी २५.४ मिमी की ३० मिमी, तेही पाहा. रिंगची उंची जितकी कमी तितकं बरं. मात्र पुढची भिंग बॅरलला टेकता कामा नये आणि बोल्टचा दांडा वर उचलताना आयपीसला (डोळ्याकडच्या टोकाला) अडकता कामा नये.

खाच आणि रिंगच्या आतली बाजू स्पिरिटने पुसून तेल काढून टाका. तेलकट रिंगमध्ये नळी हळूहळू सरकते, आणि इतकी थोडी की नजरेला कळतही नाही. रिंगच्या वरच्या झाकणांचे स्क्रू हलकेच लावून ठेवा, झूम सर्वांत जास्त करा आणि ज्या पोझिशनमध्ये नेम धरणार त्याच पोझिशनमध्ये गाल टेकवा. झोपून नेम धरताना डोकं पुढे जातं, त्यामुळे उभ्याने लावलेलं डोळा आणि स्कोपमधलं अंतर तिथे चुकतं. कडेला काळी सावली न येता पूर्ण वर्तुळ दिसलं की नळी तिथेच ठेवा.

आता क्रॉसहेअरची (स्कोपमध्ये दिसणाऱ्या फुलीची) उभी रेघ. २५ मीटरवर ओळंबा टांगा, रायफल स्पिरिट लेव्हलने सरळ करा आणि रेघ दोरीशी जुळवा. रेघ ५ अंशांनी कललेली असेल, तर त्या रेघेवरून २० सेंमी वर नेम धरताना गोळी पावणेदोन सेंमी बाजूला जाते. मग स्क्रू तिरक्या क्रमाने, थोडे थोडे आवळा. दोन्ही बाजूंची फट सारखी राहू द्या. झाकणाच्या स्क्रूला २ न्यूटन-मीटरच्या आसपास पुरे. त्याहून जोर लावला की नळीवर वळ उठतात.

रिमफायरसाठी, म्हणजे .२२ सारख्या रायफलसाठी, स्कोप घेताना पॅरॅलॅक्स किती अंतरावर जुळवलेला आहे ते विचारून घ्या. मोठ्या रायफलींचे स्कोप साधारण १०० यार्डांवर जुळवलेले असतात, रिमफायरचे ५० यार्डांवर. चुकीचा स्कोप लावला की डोळा जरा हलताच क्रॉसहेअर टार्गेटवर सरकतो आणि दोष नेमबाजाच्या माथी येतो.

पहिली गोळी कुठे जाईल हे गोळी न झाडताच बऱ्यापैकी कळतं. बोल्ट काढा, रायफल सँडबॅगवर पक्की ठेवा, बॅरलच्या आतून २५ मीटरवरचं टार्गेट मध्यभागी आणा आणि क्रॉसहेअर तिथे फिरवा. मग बोल्ट बसवून पाच गोळ्या. दुरुस्ती नेहमी ग्रुपच्या मध्यावरून, एका गोळीवरून कधीच नाही. ४० ग्रेन वजनाची, सुमारे ३२५ मीटर प्रति सेकंद वेगाची स्टँडर्ड गोळी आणि स्कोप बॅरलच्या ४ सेंमी वर, असं धरलं तर ५० मीटरचा झिरो २५ मीटरवर साधारण १ सेंमी वर दिसतो. म्हणून २५ ला मुद्दाम १ सेंमी वर ठेवा आणि ५० ला जा.

पाव एमओएचा (एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग) एक क्लिक ५० मीटरवर ३.६ मिमी सरकवतो, २५ वर त्याच्या निम्मा. आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या ५० मीटर टार्गेटवर रिंगांमधलं अंतर ८ मिमी असतं, म्हणजे एका रिंगला ढोबळमानाने दोन क्लिक. हा हिशोब तोंडी ठेवला की कागदावर पट्टी लावावी लागत नाही. टरेटवरचा बाण गोळी कुठे जाईल ते दाखवतो. क्रॉसहेअर कुठे जाईल ते नाही. गफलत इथेच होते.

काडतूस बदललं की झिरोही बदलतो. नव्या ब्रँडच्या गोळीवरचं मेण बॅरलला लागेपर्यंत १०-२० गोळ्या इकडेतिकडे जातात, साफसफाईनंतरही तसंच. त्या मोजू नका. ४-५ मीटर प्रति सेकंदाचा आडवा वारा ५० मीटरवर गोळी सुमारे २ सेंमी ढकलतो, तेव्हा वारा असताना डावी-उजवीच्या टरेटला हात लावू नका. ग्रुप लांबट, वर-खाली पसरलेला आला तर काडतुसांच्या वेगातला फरक हे बहुधा कारण.

एवढं करूनही शंका उरली, तर चौकोन काढा: २० क्लिक वर, २० उजवीकडे, २० खाली, २० डावीकडे, प्रत्येक कोपऱ्यावर पाच गोळ्या. शेवटचा ग्रुप पहिल्यावर पडला नाही आणि स्क्रू घट्ट आहेत, तर दोष स्कोपच्या आतला आहे. तो क्लिक फिरवून जाणार नाही, स्कोप परत करा.