दुखत नव्हतं म्हणून

"गाठ दुखत नव्हती हो, म्हणून वर्षभर कुणाला बोललेच नाही," रुग्णालयाच्या बाकावर शेजारी बसलेल्या मावशी आज सहज सांगून गेल्या. त्यांच्या मांडीवरच्या कागदावर मात्र 'तिसरा टप्पा' असे लिहिलेले होते.

स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, आणि घात होतो तो तिथेच.

टाटा मेमोरियलने मुंबईत १९९८ पासून वीस वर्षे चालवलेल्या, सुमारे दीड लाख महिलांच्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासलेल्या गटात रोग आधीच्या टप्प्यावर सापडला, आणि पन्नाशीपुढील महिलांमध्ये त्याचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. (पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवे.)

यंत्र नको, सुई नको. मग ही तपासणी प्रत्येक उपकेंद्रात नेमाने का होत नाही?